बाकावरचा माणूस

अमेरिकन फुटबॉलचा सामना कधी टीव्हीवर पाहिला असेल, तर मैदानाच्या कडेला उभा असलेला एक माणूस तुमच्या नजरेस पडला असेल. डोक्यावर टोपी, कानाला हेडफोन आणि हातात कागद लावलेली पाटी. अंगावर संघाचाच पोशाख. पण तो घामाने भिजलेला नाही आणि मातीने मळलेलाही नाही. हा संघाचा राखीव क्वार्टरबॅक. अनेकदा अख्खा हंगाम निघून जातो आणि याला एकदाही चेंडू फेकायला मिळत नाही. पण एखाद्या रविवारी मुख्य क्वार्टरबॅक खाली कोसळतो, स्ट्रेचर येते, पन्नास-साठ हजारांचे मैदान गप्प होते आणि सगळ्यांच्या नजरा या पाटीवाल्या माणसाकडे वळतात. तो टोपी काढतो, हेल्मेट चढवतो आणि आत जातो.

असा ऐनवेळी आत गेलेला माणूस कधी कधी संघाला थेट विजेतेपदापर्यंत घेऊन जातो. हे कसे घडते, आणि बहुतेक वेळा का घडत नाही, हे आज समजून घेऊ.

आधी खेळ थोडक्यात पाहू. आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी याचे नाते नावापुरतेच आहे. मैदान शंभर यार्डांचे, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. तेवढे सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे करत करत पलीकडच्या टोकापर्यंत चेंडू पोचवला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. ते साधण्यासारखे नसेल तर चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून उडवायचा. त्याला फील्ड गोल म्हणतात, त्याचे तीन गुण. आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू सर्वप्रथम ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू धावणाऱ्या साथीदाराच्या हातात द्यायचा की लांबवर फेकायचा, फेकायचा तर कोणाकडे, हे सारे त्याच्यावर अवलंबून असते.

एक प्रयत्न संपला की दुसरा सुरू करायला साधारण चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रशिक्षक पुढची चाल सांगतो. १९९४ पासून ती क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या रेडिओवर ऐकू येते. घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर मैदानात क्वार्टरबॅक एकटाच. दहा साथीदारांना त्याने चाल सांगितलेली असते. आता समोरचे अकरा जण कसे उभे आहेत ते पाहायचे, त्यांचा डाव ओळखायचा आणि गरज पडली तर आपली चाल जागच्या जागी बदलायची. चेंडू हातात आल्यावर निर्णयाला मिळतात जेमतेम तीन सेकंद, कारण सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला पाडण्यासाठी धावत येत असतात.

क्रिकेटमधला बारावा गडी क्षेत्ररक्षणापुरता येतो. त्याला ना फलंदाजी ना गोलंदाजी. इथे मात्र बदली आलेल्या माणसाला थेट सेनापतीच व्हावे लागते.

आता खरी अडचण ऐका. आठवडाभराच्या सरावात मुख्य संघाबरोबरच्या जवळजवळ सगळ्या चाली मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. मग राखीव काय करतो? तो पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचे सोंग घेतो! विरोधी संघाचा क्वार्टरबॅक जसा खेळतो तसे खेळून दाखवतो, म्हणजे आपल्या बचाव फळीला सराव मिळतो. त्यामुळे स्वतःच्या संघाच्या चाली त्याला पाठ असतात, पण त्या हाताखालून गेलेल्या नसतात. या खेळात चेंडू झेलणारा वळायच्या आधीच तो फेकावा लागतो. कोण किती पावलांवर वळतो, हे वहीत वाचून कळत नाही. शेकडो वेळा एकत्र केल्यावरच अंगात मुरते.

पैशाचीही बाजू आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. दोन उत्तम क्वार्टरबॅक सांभाळणे कोणालाच परवडत नाही. एकावर भरपूर खर्च करायचा आणि दुसऱ्याची गरज पडू नये अशी प्रार्थना करायची, असाच बहुतेकांचा हिशेब असतो. तो चुकला की काय होते, याचे उदाहरण इंडियानापोलिस कोल्ट्सचे. २०१० मध्ये पेटन मॅनिंगच्या नेतृत्वाखाली हा संघ सोळापैकी दहा सामने जिंकला. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे मॅनिंग २०११ चा पूर्ण हंगाम बाहेर राहिला. कोल्ट्सने तीन वेगवेगळे बदली क्वार्टरबॅक वापरले आणि सोळापैकी फक्त दोन सामने जिंकले.

म्हणजे नियम हा आहे. आता अपवादांकडे वळू.

पहिले नाव अर्ल मॉरल. याची गोष्ट १९६८ पासून सांगायला हवी. बाल्टिमोर कोल्ट्सचा महान क्वार्टरबॅक जॉनी युनिटास हंगामाच्या तोंडावर जखमी झाला आणि मॉरल मैदानात आला. संघ चौदापैकी तेरा सामने जिंकला, मॉरल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण जानेवारी १९६९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सारे बिघडले. पहिल्या अर्ध्यात त्याचे तीन चेंडू विरोधकांनी पकडले. एकदा तर त्याचा एक साथीदार मैदानाच्या टोकाला अगदी मोकळा उभा होता. मॉरलला तो दिसलाच नाही, त्याने दुसरीकडे फेकलेला चेंडू विरोधकाच्या हाती गेला. दुबळा समजला जाणारा न्यूयॉर्क जेट्सचा संघ १६-७ असा जिंकला. दोन वर्षांनी मॉरलने थोडी भरपाई केली. जानेवारी १९७१ च्या सुपर बोलमध्ये युनिटासला मार बसला, मॉरल आत आला आणि कोल्ट्स १६-१३ असे जिंकले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो मोकळा उभा असलेला साथीदारच.

१९६९ च्या त्या पराभवाच्या वेळी कोल्ट्सचा प्रशिक्षक होता डॉन शुला. पुढे तो मायामी डॉल्फिन्सकडे गेला. १९७२ मध्ये कोल्ट्सनी मॉरलला सोडून दिले, तेव्हा शुलाने त्याला उचलले. त्यासाठी संघाला भरावे लागले फक्त शंभर डॉलर. मॉरल तेव्हा सदतीस वर्षांचा होता. हंगामाच्या पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचे पायाचे हाड मोडले, घोटा निखळला. एव्हाना अडतीस वर्षांचा झालेला मॉरल आत आला, तो सामना जिंकून दिला आणि उरलेले नऊच्या नऊ सामनेही जिंकून दिले.

त्याने हे कसे साधले? त्याने ग्रीसी होण्याचा प्रयत्न केला नाही. डॉल्फिन्सकडे धावणारे दोन जबरदस्त गडी होते, लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस. त्या हंगामात दोघांनीही हजार यार्डांचा टप्पा गाठला. एकाच संघातल्या दोघांनी असे करण्याची ती पहिलीच वेळ. बचाव फळी लीगमध्ये सर्वोत्तम होती. मॉरलचे काम होते चेंडू योग्य हातात देणे आणि चुका टाळणे. ते त्याने चोख केले.

पुढचा प्रसंग मला या साऱ्या कथेचा गाभा वाटतो. बाद फेरीतला पहिला सामनाही मॉरलने जिंकला. उपांत्य लढत पिट्सबर्गशी होती. मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी. ग्रीसी तोपर्यंत बरा झाला होता. शुलाने मॉरलला बसवले आणि ग्रीसीला आत पाठवले. डॉल्फिन्स २१-१७ असे जिंकले. अंतिम सामनाही ग्रीसीच खेळला, वॉशिंग्टनला १४-७ असे हरवले आणि सतरापैकी सतरा सामने जिंकण्याचा विक्रम झाला. सुपर बोल सुरू झाल्यापासून असा निष्कलंक हंगाम दुसऱ्या कोणत्याही संघाला साधलेला नाही. त्यातल्या बहुतेक सामन्यांचे सारथ्य मॉरलने केले आणि शेवटच्या दिवशी तो पुन्हा बाकावर होता. ज्या प्रशिक्षकाने विश्वास टाकला त्यानेच बाजूला केले, आणि त्या संघाच्या भल्याच्या दृष्टीने दोन्ही निर्णय बरोबर ठरले.

दुसरे नाव जेफ हॉस्टेटलर. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला १९८४ मध्ये घेतले. नाव न्यूयॉर्कचे असले तरी या संघाचे मैदान न्यू जर्सीत आहे, तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ते चांगले ठाऊक असेल. सहा-सात वर्षे हा गडी फिल सिम्सच्या मागे बसून होता. सुरुवातीपासून खेळलेले सामने बोटांवर मोजण्याइतके. १५ डिसेंबर १९९० रोजी बफेलो बिल्सविरुद्ध सिम्सचे पाऊल मोडले. बाद फेरी जवळ आलेली. जाणकारांनी जायंट्सचा निकाल लावून टाकला.

पण हॉस्टेटलरने उरलेले दोन सामने जिंकले, मग शिकागोला ३१-३ असे हरवले. पुढे गाठ पडली सॅन फ्रान्सिस्कोशी, लागोपाठ दोन वेळचा विजेता संघ. त्या सामन्यात जायंट्सना एकही टचडाऊन करता आला नाही. पाच फील्ड गोल मारून ते १५-१३ असे जिंकले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा बफेलोच. या बिल्सनी आधीच्या सामन्यात ५१ गुण ठोकले होते. अशा संघाला रोखायचे कसे? जायंट्सचा उपाय सोपा होता: चेंडूच त्यांच्या हाती लागू द्यायचा नाही. हळूहळू, थोडे थोडे पुढे सरकायचे आणि घड्याळ खात राहायचे. तिसऱ्या सत्रात एकाच चढाईत त्यांनी साडेनऊ मिनिटे घालवली. साठ मिनिटांच्या सामन्यात चेंडू चाळीस मिनिटांहून अधिक काळ जायंट्सकडे होता.

या सामन्यातला एक क्षण बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या अर्ध्यात हॉस्टेटलर आपल्याच टोकाच्या क्षेत्रात सापडला. बफेलोच्या धिप्पाड ब्रूस स्मिथने त्याचे मनगट पकडले. चेंडू सुटला असता तर बफेलोला टचडाऊन मिळाला असता. हॉस्टेटलरने चेंडू एका हाताने घट्ट धरला, अंगापासून दूर नेला आणि तसाच पडला. बफेलोला दोनच गुण मिळाले. सामन्याचा शेवट काय झाला? जायंट्स २०, बफेलो १९. शेवटच्या काही सेकंदांत बफेलोच्या स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून मारलेली लाथ खांबाच्या उजवीकडून गेली. एका गुणाच्या विजयात तो न सुटलेला चेंडू किती मोलाचा होता, हे सांगायला नको. पन्नास यार्डांच्या फेकीइतकाच, न सोडलेला चेंडूही क्वार्टरबॅकची कामगिरी असतो.

नॉरवुडच्या त्या लाथेसाठी चेंडू जमिनीवर धरून बसलेला खेळाडू होता बफेलोचा राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइश. त्याचेही नाव लक्षात ठेवा. ३ जानेवारी १९९३ रोजी बाद फेरीच्या सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध तो जखमी जिम केलीच्या जागी खेळत होता. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बफेलो ३५-३ असे मागे होते. लोक मैदान सोडून घरी निघाले. राइशने त्यानंतर चार टचडाऊन फेकले आणि बफेलोने जादा वेळेत ४१-३८ असा सामना जिंकला. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढण्याचा बाद फेरीतला तो विक्रम आजही कायम आहे. आणि हे त्याने पहिल्यांदा केले नव्हते! १९८४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाकडून खेळताना, बदली म्हणून येऊन, त्याने मायामीविरुद्ध ०-३१ वरून ४२-४० असा विजय मिळवला होता.

तिसरी कथा सर्वांत प्रसिद्ध. २३ सप्टेंबर २००१ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या ड्रू ब्लेडसोला सीमारेषेजवळ जबर धडक बसली. छातीत रक्तस्राव झाला, रुग्णालयात न्यावे लागले. याच ब्लेडसोने काही महिन्यांपूर्वी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. त्याच्या जागी आलेला पोरगा आदल्या वर्षीच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतलेला. नाव टॉम ब्रेडी. पहिले दोन्ही सामने हरलेला हा संघ ब्रेडीच्या हाती आल्यावर चौदापैकी अकरा जिंकला. ब्लेडसो बरा होऊन परतला, पण प्रशिक्षक बिल बेलिचिकने ब्रेडीलाच ठेवले.

मग नियतीने गंमत केली. पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला आणि बाकावरून उठला तो ब्लेडसो! आता तो बदली होता. त्याने टचडाऊन फेकला, संघ २४-१७ असा जिंकला. आठवड्याने अंतिम सामना मात्र ब्रेडी खेळला. सेंट लुईस रॅम्सना सगळे विजेते धरून चालले होते. पेट्रियट्सनी त्यांना २०-१७ असे हरवले. त्याच वर्षी ब्लेडसोला बफेलोकडे देऊन टाकण्यात आले. ब्रेडीने एकूण सात सुपर बोल जिंकले आणि २०२३ मध्ये तो निवृत्त झाला. पण २००१ ची ती उपांत्य लढत ब्लेडसोविना जिंकता आली असती का, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

चौथे नाव निक फोल्स. २०१६ मध्ये जुन्या संघाने काढून टाकल्यावर हा खेळच सोडायच्या विचारात होता. १० डिसेंबर २०१७ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सच्या कार्सन वेंट्झच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि फोल्सवर भार आला. सुरुवात काही खास नव्हती. साखळीतला शेवटचा सामना तर ईगल्स ०-६ असे हरले. पण अग्रक्रमांकामुळे त्यांना एक आठवडा विश्रांती मिळाली. त्या आठवड्यात प्रशिक्षकांनी चाली नव्याने बसवल्या. २०१३ मध्ये फोल्सने २७ टचडाऊन फेकले होते आणि त्याचे केवळ दोन चेंडू विरोधकांच्या हाती गेले होते. त्या वेळी त्याला काय जमत होते, काय आवडत होते, ते शोधून काढून तसा खेळ आखला. वेंट्झसाठी शिवलेला अंगरखा फोल्सच्या अंगावर चढवला नाही. त्याच्या मापाचा नवा शिवला.

हे प्रशिक्षक कोण होते ते ऐका. मुख्य प्रशिक्षक डग पेडरसन, ज्याने खेळाडू म्हणून बरीच वर्षे ब्रेट फार्वच्या मागे बाकावर काढली. आणि आक्रमणाचा समन्वयक होता तोच फ्रँक राइश! बाकावरच्या माणसाच्या मनात काय चालते, हे यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ईगल्सनी अटलांटाला १५-१० आणि मिनेसोटाला ३८-७ असे हरवले. ४ फेब्रुवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात समोर होता ब्रेडीचा पेट्रियट्स संघ. पहिला अर्धा संपायला ३८ सेकंद असताना, चौथ्या प्रयत्नात, टोक फक्त एक यार्डावर असताना फोल्सने स्वतः एक फसवी चाल सुचवली आणि पेडरसनने होकार दिला. त्या चालीत क्वार्टरबॅकनेच गुपचूप पुढे सरकून चेंडू झेलायचा. फोल्सने झेलला. टचडाऊन! ईगल्स ४१-३३ असे जिंकले, त्यांचा हा पहिला सुपर बोल. ३७३ यार्ड फेकणारा फोल्स सामनावीर ठरला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती.

आता या चौघांत समान काय, ते पाहू. पहिली गोष्ट, संघ मुळात चांगला होता. मॉरल, हॉस्टेटलर, फोल्स यांच्यामागे भक्कम बचाव फळी होती. बुडत्या संघाला राखीव खेळाडू सहसा तारू शकत नाही. दुसरी, प्रशिक्षकाने माणूस पाहून डाव बदलला. तिसरी, विरोधकांकडे या नव्या माणसाची फारशी माहिती नव्हती. मुख्य क्वार्टरबॅकच्या शेकडो चाली विरोधक चित्रफितींवर पाहून ठेवतात. बाकावर बसलेल्या माणसाची चित्रफीत कुठून आणणार? हा फायदा मात्र थोडे आठवडेच टिकतो. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: आपली पाळी येईल याची कसलीही खात्री नसताना या माणसांनी तयारी सोडली नव्हती.

नशीबही लागतेच. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे पहिले दोन क्वार्टरबॅक जखमी झाले आणि त्या वर्षीच्या निवडीतला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी मैदानात आला. साखळीतले पाचही सामने सुरुवातीपासून खेळून त्याने जिंकले, बाद फेरीतलेही दोन. मग उपांत्य सामन्यात त्याचेच कोपर दुखावले. त्याच्यानंतर आलेला चौथा क्वार्टरबॅकही डोक्याला मार लागून बाहेर गेला. शेवटी चेंडू लांब फेकता येत नसतानाही पर्डीलाच परत यावे लागले. संघ ७-३१ असा हरला. त्यानंतर २०२३ मध्ये लीगने नियम बदलला आणि आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवण्याची मुभा दिली.

या साऱ्या कथा ऐकायला गोड वाटतात. पण प्रत्येकीची सुरुवात कोणाच्या तरी मोडलेल्या हाडाने झाली आहे, हे विसरता कामा नये. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा अ‍ॅलेक्स स्मिथ उत्तम खेळत असताना डोक्याला मार लागून बसला. त्याच्या जागी आलेल्या कॉलिन कॅपर्निकने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि बरा झालेल्या स्मिथला त्याची जागा परत मिळालीच नाही. त्याचा दोष एवढाच की त्याला दुखापत झाली. मॉरल २०१४ मध्ये वारला. डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा आजार त्याच्या मेंदूत बराच बळावलेला आढळला. बाकावर बसून काढलेली वर्षेही त्याला वाचवू शकली नाहीत.

सुपर बोलच्या विजेत्यांची यादी पाहताना आपण मोठी नावे वाचतो. पण १९७२ च्या ओळीवर क्षणभर थांबा. तिथे ग्रीसीचे नाव असेल. त्याच्यासाठी जागा राखून ठेवणारा, ती जिंकत जिंकत सांभाळणारा आणि वेळ येताच परत करणारा माणूस शंभर डॉलरमध्ये आला होता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)